वाचता न येणाऱ्या वाचकांनाही सभासद करून घ्या

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनारपट्टीवरील सर्व सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांस,

सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत अंगणवाडी सेविका आहे. यंदा एकवीस वर्षं झाली. माझ्या पटावर तीन ते सहा वर्षांची १४ मुलं आहेत. नऊ जणांच्या घरी मासेमारी, दोघांचे वडील आंब्याच्या बागेत राखणीला, बाकीच्यांचे मुंबईला. या मुलांना वाचनालयाचं सभासद करून घ्यावं आणि त्यांना पुस्तक घरी न्यायला द्यावं, एवढ्याचसाठी हे पत्र आहे. वाचनालय नुसतं दाखवून आणण्याबद्दल मी बोलत नाही. ते आम्ही करून बसलो आहोत, आणि तिथूनच मला सुरुवात करायची आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि आमच्या मदतनीस ताई मुलांना घेऊन एका वाचनालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, कारण तिथे जे झालं ते दुसरीकडेही झालं असतं. आदल्या आठवड्यात फोन करून परवानगी घेतली होती. मुलं धुतलेले कपडे घालून आली होती. दोघी मुलींच्या आयांनी सकाळी उठून अबोलीचे वळेसर करून दिले होते. दारात चपला ओळीनं लावून आम्ही आत गेलो आणि पहिलं वाक्य कानावर पडलं ते "हाताची घडी, तोंडावर बोट". पेपर वाचत बसलेल्या मंडळींना त्रास होऊ नये हे मलाही पटलं. मुलं गप्प उभी राहिली.

बालविभाग म्हणजे कोपऱ्यातलं काचेचं एक कपाट. त्याला कुलूप. किल्ली कार्यवाहांकडे आणि कार्यवाह त्या दिवशी कणकवलीला गेलेले. ग्रंथपाल बाई भल्या होत्या, त्यांनाच वाईट वाटत होतं. मुलांनी काचेतून पुस्तकं पाहिली, म्हणजे पुस्तकांचे कणे पाहिले. पुस्तकं उभी, एकाला एक चिकटून लावलेली. अक्षर न येणाऱ्या मुलाला त्यातून काय कळणार? एका मुलीनं काचेला दोन्ही पंजे लावले, नाक लावलं आणि आत काय आहे ते शोधायला लागली.

तेवढ्यात मंडळाचे एक सदस्य आत आले. आवाज चढवून बोलले नाहीत, समजावून सांगावं तसं म्हणाले, "बाई, लांबनंच दाखवा. मासळीचे हात असतात, डाग गेले नाहीत की पुस्तक फुकट. वाचायला यायला लागलं की या ना, वाचनालय कुठे पळून जातंय?"

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. परतीच्या वाटेवर साकवाजवळ पाच वर्षांचा एक मुलगा मागे राहिला म्हणून मी वळून पाहिलं, तर तो स्वतःचे हात नाकाशी धरून हुंगत होता. तो त्याच्या आजीबरोबर पहाटे किनाऱ्यावर जातो, मासळी निवडायला मदत करतो. त्याच्या हातांना वास येतो याची लाज त्याला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती.

म्हणून आधी हातांचं बोलते. हात धुवायला एक बालदी, एक साबण आणि एक पंचा लागतो. आमच्या अंगणवाडीत पुस्तक घेण्याआधी हात धुणं हा मुलांचा सगळ्यांत आवडता भाग आहे. ती इतकी घासतात की मला साबण लपवून ठेवावा लागतो. वाचनालयाच्या पडवीत बालदी भरून ठेवली की हा प्रश्न तिथेच मिटतो. मासळीचा वास पुस्तकाचा शत्रू आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या बंद कपाटांकडे एकदा नीट पाहावं. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, भिंतींना ओल येते, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, कसर लागते. मी एका ठिकाणी मुलांच्या पुस्तकांचं असं कपाट उघडताना पाहिलं आहे. चित्रांच्या कडा खाल्लेल्या, पानं एकमेकांना चिकटून वडी झालेली. देवघेवीच्या वहीत त्या पुस्तकांची शेवटची नोंद आठ वर्षांपूर्वीची होती. त्यांना कुठल्याच मुलाचा हात लागला नव्हता, तरी ती गेलीच.

आता दुसरं वाक्य. "वाचायला यायला लागलं की या." हे वाक्य मी त्या सदस्यांच्याच तोंडून ऐकलं असं नाही. शाळेत ऐकलं, ग्रामसभेत ऐकलं, आमच्या सुपरवायझर बाईंच्या बैठकीतही ऐकलं. ऐकताना ते शहाणपणाचं वाटतं. पण गाबीत वाडीतलं, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतलं, मूल वल्हवायला येतं म्हणून होडीत बसतं का? ते आधी बापाच्या पायांमध्ये बसतं. होडी डुलते तसं डुलतं, पाण्यात हात घालतं, ओरडा खातं. वल्हं त्याच्या हातात येतं तेव्हा होडी त्याच्या अंगात मुरलेली असते. पुस्तकाचं याहून वेगळं काही नाही.

चार वर्षांचं मूल पुस्तक हातात घेऊन काय करतं, हे शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी ते उलटं धरतं. मग चित्रातली गाय पाय वर करून आहे हे लक्षात येतं आणि पुस्तक फिरतं. अमुक बाजू वर असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पानं आधी मूठभर उलटतात, मग तीन-तीन, मग एकेक. एक पान उलटायला अंगठा आणि बोट यांचं जे जमावं लागतं ते पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतं. मी वाचताना माझं बोट ओळीखालून जातं, तिकडे त्याचं लक्ष असतं. काही दिवसांनी तेही आपलं बोट डावीकडून उजवीकडे नेत मनातली गोष्ट 'वाचतं'. त्या काळ्या खुणांमध्ये बोलणं साठवलेलं आहे, आणि बाई कितीही वेळा वाचो, तिथून तेच बोलणं बाहेर येतं, हा केवढा मोठा शोध आहे! तीच गोष्ट ती पुन्हा पुन्हा मागतात ती यासाठीच. एक शब्द चुकवा, लगेच पकडतात.

आणि ती नुसती ऐकत नाहीत. एका पुस्तकात समुद्राचं चित्र होतं, त्यात निळा, गुबगुबीत मासा. मी म्हटलं, "हा बघा बांगडा." खरं तर पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं, मी आपलं जवळचं म्हणून नाव दिलं. एक मुलगी उठून पुढे आली, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्यो बांगडो न्हय. बांगड्याच्या पाठीर रेगो असतत." मग सगळा वर्ग त्या माशावर तुटून पडला. पेडवा नव्हे, कारण पेडवा बारीक. सरंगा नव्हे, कारण सरंगा चपटा. अर्धा तास वाद चालला. शेवटी ठरलं की हा मासा चित्र काढणाऱ्यानं पाहिलेलाच नाही. पुस्तक चुकू शकतं आणि आपल्याला त्याहून जास्त ठाऊक असू शकतं, हे माझ्या मुलांना पाचव्या वर्षी कळलं. मला ते बी.ए. होईपर्यंत कळलं नव्हतं.

त्या जानेवारीनंतर मी ठरवलं की वाचनालय आपल्याला पुस्तक देत नसेल तर आपण देवघेव सुरू करायची. माझ्या भावानं गणपतीला मुंबईहून येताना पुस्तकं आणली, काही मी मालवणच्या जत्रेत घेतली, मिळून २२ झाली. बहुतेक पातळ, मोठ्या चित्रांची. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, त्याच्या आत दुधाच्या पिशव्यांचं अस्तर. प्रत्येक मुलाला पहिल्यापासून एक खूण दिलेली आहे: कुणाला होडी, कुणाला फणस, कुणाला खेकडा, कुणाला चांदणी. त्याच्या खुंटीवर, ताटावर, चटईवर तीच खूण. मग सभासद कार्डही त्याच खुणेचं. पुस्तकाच्या मागे खिसा, खिशात चिठ्ठी. मूल पुस्तक घेताना चिठ्ठी काढून आपल्या खुणेच्या खणात ठेवतं, परत आणलं की चिठ्ठी परत खिशात घालतं. हा व्यवहार तीन वर्षांच्या मुलाला एका आठवड्यात कळतो. आपल्या ग्रंथपालांना वेगळं काही लिहावं लागणार नाही. मूलच देवघेव करतं, त्यांनी फक्त संध्याकाळी वहीत उतरवायचं.

पहिला शुक्रवार मला चांगला आठवतो. पिशवी गळ्यात अडकवून ती मुलं निघाली तेव्हा नेहमीसारखी पळाली नाहीत. जपून चालत होती. सांभाळून परत करायची अशी त्यांच्या हातात आलेली ती आयुष्यातली पहिली वस्तू होती. खेळणं आपलं असतं किंवा दुसऱ्याचं असतं. वाचनालयाचं पुस्तक चार दिवस आपलं असतं, मग दुसऱ्याचं. ही गोष्ट त्यांना कुठे शिकायला मिळणार?

सोमवारी पिशव्या परत आल्या. एका पुस्तकावर हळदीचं बोट. एकाला चुलीच्या धुराचा वास. आणि प्रत्येकाबरोबर घरची एक हकिकत. एका मुलीच्या आजीला अक्षर ओळखता येत नाही. नात पुस्तक घेऊन मांडीवर बसली तशी म्हातारी म्हणाली, "माका वाचूक येणा नाय, पण चित्रां बघून सांगतंय." आणि तिनं त्या चित्रांवरून भलतीच गोष्ट सांगितली, मालवणीत, तिच्या माहेरच्या विहिरीतल्या कासवाची. सोमवारी मुलगी माझ्याशी भांडायला लागली, की बाई, तुम्ही चुकीची गोष्ट सांगितली, माझ्या आजयेन बरोबर सांगल्यान. ते पुस्तक पुढचे तीन आठवडे त्याच घरात होतं.

मी कळकळीनं सांगते, पुस्तक घरी जाणं हाच या सगळ्याचा गाभा आहे. अंगणवाडीत मी पंधरा मिनिटं वाचते. ते १४ जणांना मिळून. घरी ते पुस्तक एका मुलाच्या वाट्याला येतं, आईच्या, आजीच्या, थोरल्या भावंडाच्या मांडीवर. ज्या घरात पंचांग आणि गॅसचं कार्ड याखेरीज छापील कागद नाही, त्या घरात पुस्तक पाहुणा म्हणून चार दिवस राहतं. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना मी त्या आजीचं उदाहरण देते.

आणि वडिलांचंही एक आहे. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत, एका मुलाच्या धाकट्या भावानं पुस्तक ओढलं आणि मधली चार पानं सुटी झाली. आई घाबरली, दंड होईल म्हणून. वडील यांत्रिक बोटीवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ते घरीच, पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पानं जुळवली, कण्याला दाभणानं पाच भोकं पाडली आणि जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं शिवून टाकलं. गाठ इतकी पक्की की बाकीचं पुस्तक फाटेल, ती शिवण सुटणार नाही. ते पुस्तक आजही आमच्याकडे आहे. हिरव्या दोऱ्याची ती शिवण मुलं बोटानं चाचपून बघतात आणि कुणाच्या बाबांनी शिवलं ते सांगतात.

म्हणून पावसाळ्यात देवघेव बंद ठेवण्याला माझा विरोध आहे. पुस्तकं भिजतील ही भीती खोटी नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा पुस्तकांची काय दशा होते ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. पण किनाऱ्यावरच्या घरांत बाप घरी असतो तो याच दोन महिन्यांत. होड्या शाकारलेल्या, बाहेर धो धो पाऊस, मूल घरात कोंडलेलं, बाप जाळी विणतोय. पुस्तक घरी जायला याहून चांगला काळ सांगा. पावसात मुलांना वाचनालयापर्यंत आणता येत नाही, तर वाचनालयानं एक पत्र्याची ट्रंक आमच्याकडे पाठवावी. पंचवीस-तीस पुस्तकं, तळाशी कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे. नारळी पौर्णिमेनंतर ट्रंक परत. हे काही मी शोधून काढलेलं नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० पासून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारलं, तेव्हा लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरत होती.

आणि आपलं कोकण कशात मागे होतं? रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. आगगाडी यायच्या कितीतरी आधी इथे वाचनालय होतं. २०२८ मध्ये त्याला दोनशे वर्षं होतील. आज माझ्याकडे असलेलं तीन वर्षांचं मूल तोवर शाळेच्या उंबरठ्यावर पोचलेलं असेल. त्या द्विशताब्दीला भाषणं होतील, स्मरणिका निघेल, ते व्हायलाच हवं. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाचनालयात सहा वर्षांखालचे किती सभासद आहेत हा आकडाही कुणीतरी वाचून दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा वारसा आमच्या खात्याचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं ते पालघरच्या किनाऱ्यावर, बोर्डीला. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला मुलं गुरं राखायला जात म्हणून त्यांनी कुरणात शाळा भरवली. देशभरच्या अंगणवाड्यांची सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट. मूल येत नाही तर त्याच्यापर्यंत जायचं, हे कोकणच्या मातीत आधीच करून दाखवलेलं आहे. वाचनालयांनी तेवढंच पाऊल उचलायचं आहे.

परदेशातलं एक उदाहरण देते, कारण त्यात आमच्यासारख्या बायका आहेत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरात १९९२ साली 'बुकस्टार्ट' सुरू झालं. ३०० तान्ह्या बाळांच्या कुटुंबांना पुस्तकं दिली गेली आणि त्यात ग्रंथालयांबरोबर घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका होत्या. इथे महिन्याला बाळाचं वजन करायला मी जातेच. वजनकाट्याबरोबर एक पुस्तक नेणं मला जड नाही. ते मला देणारं कुणीतरी हवं.

आता आपल्या अडचणी. त्या मला ठाऊक आहेत, कारण त्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई नंतर माझ्या ओळखीच्या झाल्या. ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या श्रेणीच्या वाचनालयात एकट्या माणसानं सगळं करायचं, मानधन तुटपुंजं, तेही अनुदानाचा हप्ता येईल तेव्हा. पुस्तक हरवलं तर तपासणीला उत्तर त्यांनीच द्यायचं. अशा बाईंनी तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पुस्तक कुठल्या धीरानं द्यावं? म्हणून हे पत्र त्यांना लिहिलेलं नाही, मंडळांना लिहिलं आहे. मंडळानं एक ठराव करावा: सहा वर्षांखालच्या सभासदांकडून अनामत घ्यायची नाही, वर्गणी घ्यायची नाही, आणि त्यांच्या हातून पुस्तक फाटलं किंवा गहाळ झालं तर त्याची वसुली मुलाच्या घरून किंवा ग्रंथपालांकडून होणार नाही. फाटलेलं पुस्तक दाखल नोंदवहीतून रीतसर बाद करावं. किती जातील म्हणाल, तर माझ्या २२ पुस्तकांतली वर्षभरात दोन गेली. एक खाडीत पडलं. दुसरं आतेभावाबरोबर मुंबईला गेलं, आणि ते वाया गेलं असं मी मानत नाही.

अनामत माफ केली तर वैयक्तिक जबाबदारी कुणाची, असं कुणी विचारेल. अंगणवाडीच्या नावानं एक सभासदत्व काढा आणि त्याखाली मुलांची १४ कार्डं. सही मी करते.

पुस्तकांचा खर्च फार नाही. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची लहान मुलांची मराठी चित्रपुस्तकं मिळतात, आणि एका जाडजूड कादंबरीच्या किमतीत त्यातली बरीच येतात. अनुदानित वाचनालयांना कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून पुस्तकं मिळतात, तेव्हा मागणीच्या यादीत या वयाची पुस्तकं घाला. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, गावासाठी काही देऊ का असं विचारतात. त्यांना कमानीऐवजी दहा चित्रपुस्तकं सुचवा. घेताना मात्र एक बघा. शब्द नसलेली किंवा एका पानावर एकच ओळ असलेली पुस्तकं निम्मी तरी हवीत. आमची मुलं घरी मालवणी बोलतात. पुण्याच्या पद्धतीची लांब वाक्यं ऐकली की ती बिचकतात, पण चित्र मालवणीत सांगता येतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर तर गोष्टी मोफत उतरवून छापता येतात आणि आपल्या बोलीतही करता येतात. तुमच्या गावात निवृत्त शिक्षक भरपूर आहेत. त्यांना मालवणीत, संगमेश्वरीत, आगरीत दहा गोष्टी करायला बसवा. आमच्याकडे सगळ्यांत जास्त मागणी कुठल्या पुस्तकाला आहे सांगू? मदतनीस ताईंच्या मुलीनं मोबाइलवर वाडीचे फोटो काढले: विहीर, जेटी, रातांब्याचं झाड, दुकानाची पायरी, झोपलेला कुत्रा. ते छापून पुठ्ठ्यावर चिकटवले. त्या पुस्तकाचे कोपरे आता गोल झाले आहेत.

जागेचंही फार नको. कपाटाचा सगळ्यांत खालचा कप्पा कुलूप न लावता सोडा. भिंतीला नायलॉनची दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी टांगा, मुलाच्या छातीच्या उंचीवर. खाली एक चटई. आठवड्यातला एक तास ठरवा, ज्या तासात वाचनालयात आवाज होणार हे पेपर वाचणाऱ्या मंडळींना आधीच सांगितलेलं असेल. माझी खात्री आहे, त्यातले दोन-चार आजोबा मुद्दाम त्याच वेळेला येतील. आमच्याकडे एक येतात. निवृत्त पोस्टमन आहेत, गोष्ट वाचताना गाढवाचा आवाज काढतात, मुलं त्यांना सोडत नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ या वयाला पायाभूत स्तर म्हटलं आहे. त्याच्या बैठका होतात, आम्हाला प्रशिक्षणं मिळतात, तक्ते मिळतात. मला त्या सगळ्याबद्दल आदर आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला वाचनालयाचा उंबरठा ओलांडू द्यायला कुठल्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्या संस्था चालतात, त्यातला 'सार्वजनिक' हा शब्द मुलांनाही धरूनच आहे.

काचेला पंजे लावणारी ती मुलगी आता पहिलीत आहे. तिचा धाकटा भाऊ यंदा माझ्याकडे आला. त्याची खूण कासव. हात हुंगणारा मुलगाही मोठ्या शाळेत गेला, पण शुक्रवारी सुटल्यावर अजून माझ्याकडे येतो, आधी बालदीकडे जातो आणि मग पुस्तकाकडे.

हे पत्र मी आमच्या जवळच्या तीन वाचनालयांना हाती नेऊन देणार आहे. नोव्हेंबरात, भातकापणी आटोपली की, कुठल्याही शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आम्ही यायला तयार आहोत. आम्ही १४ मुलं, मी आणि मदतनीस ताई. साबण आमचा आम्ही आणू. आपण फक्त त्या दिवशी कपाटाची किल्ली कुणाकडे असेल ते आधी कळवावं.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका
मालवण तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग